सातवा प्रश्न

बाहेर ऊन रणरणत होतं, आणि दुकानात शिरलेल्या माणसाच्या केसांतून पाणी ठिबकत होतं.

तिने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग दाराबाहेर, मग पुन्हा त्याच्याकडे. आभाळात औषधालासुद्धा ढग नव्हता. त्याच्या हातात चादरीत गुंडाळलेला एक कॉम्प्युटर होता. तान्ह्या पोराला धरावं तसा तो त्याने छातीशी धरला होता आणि केसांतलं पाणी त्यावर पडू नये म्हणून मान भलतीच वाकडी केली होती.

"पाऊस कुठे पडला म्हणायचा?" तिने विचारलं.

"फक्त माझ्यावर," तो म्हणाला. "पोहायला शिकवतो मी, पलीकडच्या तलावावर. एक ते दोन सुट्टी असते. तेवढ्यात पळत आलो."

"मग पुसा ना आधी." तिने फडकं पुढे केलं. त्याने डोकं पुसायला घेतलं तशी ती घाईने म्हणाली, "तुम्हाला नाही हो, त्याला! त्या फडक्याला तेल आहे मशीनचं…"

उशीर झाला होता. कपाळावर काळा पट्टा ओढून तो तिच्याकडे बघत राहिला. तिला हसू आवरेना. मग तोही हसला, आणि त्याच्या हसण्याचा आवाज ऐकून आतल्या टेबलावरून तिच्या आत्याने चष्म्यावरून मान वर केली.

दुकान आत्याचं. बाकीच्यांनी हात टेकलेली जुनी यंत्रं तिथे दुरुस्तीला यायची. आत्या तारा जोडायची, जळालेले सुटे भाग बदलायची. आणि यंत्र सुरू होत नसेल तर ते नक्की कुठपर्यंत येऊन अडतं, हे शोधण्यात भाचीचा हातखंडा होता. आत्याला गिऱ्हाइकांची नावं लक्षात राहत नसत, म्हणून ती सरळ बारसं करून मोकळी व्हायची. पाच मिनिटांत ह्याचा पाणकोंबडा झाला.

"ह्यात बाजारातलं काही नाहीये," पाणकोंबडा सांगू लागला. "माझ्या बाबांनी सगळं स्वतः लिहिलंय. अगदी मुळापासून. कर्नलसुद्धा."

तिचे हात थांबले. बटण दाबल्यावर यंत्रात जो सगळ्यांत आधी जागा होतो आणि मग मेमरी, डिस्क, पडदा, कीबोर्ड यांना हाका मारून कामाला लावतो, त्याला ह्या धंद्यात कर्नल म्हणतात. घरातलं पहाटे उठणारं माणूस असतं ना, ते. ते उठलं नाही तर घरात चहासुद्धा होत नाही. लोक तो आयता घेतात. स्वतः लिहिणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजावी इतकीच.

"बाबा टेलिफोनचे मेकॅनिक होते. अठरा वर्षं रोज संध्याकाळी हेच करत बसले. गेल्या महिन्यात जुना बोर्ड जळाला. मी नवा आणून बसवला, डिस्क तीच ठेवली. आता हा उठतच नाही."

तिने वायर लावली, बटण दाबलं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली. छापील नव्हती ती. कुणीतरी एकेक ठिपका मांडून काढलेली, जराशी डावीकडे कललेली.

*उठतोय… थांबा. मेमरी मोजली.*

आणि तिथेच सगळं गप्प.

"ही अक्षरं…"

"बाबांनी काढलीत. प्रत्येक." तो खाली बघत म्हणाला. "त्यांचा उजवा डोळा गेला. डाव्याने थोडं दिसतं. डॉक्टर म्हणतात, अजून तीन-चार महिने. जास्त नाही. त्यांना एकदा हे सुरू झालेलं बघायचंय. डोळे आहेत तोवर…"

वाक्य त्याने पुरं केलं नाही. त्याच्या बाहीतून एक थेंब टेबलावर पडला, तो तिने बोटानेच पुसला.

"होईल सुरू," ती म्हणाली.

गिऱ्हाइकाला असा शब्द ती कधी देत नसे. आत्याने पुन्हा एकदा चष्म्यावरून पाहिलं, आणि ह्यावेळी नुसती मान हलवली.

पहिले दोन दिवस ती फक्त वाचत होती. अठरा वर्षांचं लिखाण ते! एखाद्या अनोळखी घरात अंधारात चालावं तशी ती चालत होती. कर्नल नक्की कुठे अडतो ते कळावं म्हणून तिने वाटेत पायरीपायरीवर एकेक खूण ठेवली. एक पायरी ओलांडली की पडद्यावर एक अक्षर, दुसरी ओलांडली की दुसरं. शेवटचं अक्षर जिथे दिसेल, त्याच्या पुढच्या पायरीवर पाय घसरलेला. मेमरी मोजून व्हायची. तिथून पुढे मात्र लिखाण इतकं स्वतःपुरतं होतं, इतक्या आखूड खुणांनी भरलेलं, की ज्याने लिहिलं त्यालाच विचारायला हवं होतं.

तिसऱ्या दिवशी तिने एका कागदावर सहा प्रश्न लिहिले.

"काकांना विचाराल? त्यांना इथे आणता येणार नाही?"

"जिन्याची चढ-उतार बंद केलीय डॉक्टरांनी. वाकणंही बंद. मी विचारतो." त्याने कागद नीट घडी करून प्लास्टिकच्या पिशवीत घातला, मग ती पिशवी दुसऱ्या पिशवीत. सगळ्याच गोष्टी पाण्यापासून वाचवायची त्याला सवय होती.

दुसऱ्या दिवशी एकच्या ठोक्याला तो आला, दोन हातांत दोन चहा. "पहिल्या प्रश्नाचं उत्तर आणलंय."

"आणि बाकीची पाच?"

"बाबा दमतात. रोज एकच सांगतात."

"बरं," ती म्हणाली. वाईट वाटल्यासारखं म्हणायचं होतं, पण आवाज तसा लागला नाही.

असं रविवार सोडून रोज एक उत्तर, आणि रोज एक वाजता तो. येताना तलावाच्या पाण्याचा तो औषधी वास घेऊन यायचा. स्टुलावर बसायचा, केस झटकायचा, तिचा ओरडा खाऊन घ्यायचा. "कागद भिजले माझे!" "वाळतील." "अक्षर पसरलं!" "मग नवीन लिहा, तुमचं अक्षर छान आहे…" साडेबारापासूनच तिचं घड्याळाकडे लक्ष लागायला लागलं. आत्याचं तिच्याकडे होतंच.

"ह्या यंत्राचा आजार बरा होतोय," आत्या एकदा म्हणाली, "की तुला लागतोय?"

"काहीतरीच काय गं आत्या."

"मला काय. मी आपली चष्म्याने जवळचंच बघते."

खरं सांगायचं तर तिला ओढ लागली ती आधी लिखाणातूनच. अशा लिखाणात ओळींच्या कडेला शेरे लिहायची पद्धत असते. यंत्र ते वाचत नाही; माणसाने माणसासाठी ठेवलेल्या टिपा असतात त्या. ह्या काकांनी मात्र शेऱ्यांत कामाचं कमी आणि घरातलंच जास्त लिहून ठेवलं होतं. *इथे हात लावू नये. हे का चालतं ते मलाही माहीत नाही.* हा एक. पण चार पानं पुढे गेलं की: *आज पोराने पाण्यात पहिल्यांदा हात सोडले. काठावर मीच घाबरून उभा. घरी येऊन एक ओळसुद्धा धड लिहिता आली नाही.* आणखी पुढे: *पोरगा गणितात आपटला. रागावलो नाही. रागावलो, थोडंसं.*

म्हणजे तो अकरा वर्षांचा असल्यापासून ती त्याला वाढताना बघत होती. प्रत्यक्षात मात्र तो तिला पाच-सहा दिवसांपूर्वीच भेटला होता.

"'पोराला कुणीतरी आवडते असं वाटतं,'" शनिवारी तिने त्याला वाचून दाखवलं. "'आरशासमोर फार वेळ जातो. विचारलं नाही.' — कोण होती ती?"

तो कानापर्यंत लाल झाला. "असं लिहिलंय त्यांनी?"

"कोण होती?"

"एक होती. तिला पाण्याची भीती वाटायची."

"मग?"

"मग काय. तिने भीती सोडली नाही, मी पाणी." त्याने चहाचा कप फिरवला. "तुम्हाला वाटते?"

"काय?"

"भीती… पाण्याची."

"मला पोहता येत नाही."

"मी ते विचारलंच नाही," तो म्हणाला. आणि खालच्या आवाजात, "तुला भीती वाटते का, असं विचारलं."

तो 'तू' दुकानभर पसरला. ती उगाचच स्क्रू मोजायला लागली. सात होते, तिने ते तीन वेळा मोजले.

बुधवारी, दहा तारखेला, सहावं उत्तर आलं. काकांनी कळवलं होतं: कीबोर्डला हाक मारली की त्याचं उत्तर येईपर्यंत कर्नल थांबतो. किती वेळ थांबायचं ते लिहिलेलं नाही. त्या काळी उत्तर नेहमीच यायचं.

तिने कपाळावर हात मारून घेतला. नव्या बोर्डावर जुन्या पद्धतीचा कीबोर्डचा भागच नव्हता. कर्नल विचारत होता, आहेस का? आणि तिथे कुणी नव्हतंच. तो बिचारा जन्मभर थांबला असता.

गुरुवारी सकाळी तिने त्या जागी चार ओळी घातल्या. इतका वेळ थांब, उत्तर आलं नाही तर पुढे जा. लिखाण बदललं की यंत्राला कळेल अशी त्याची नवी बांधणी करावी लागते; ती केली. आत्या सुटे भाग आणायला बाहेर गेली होती. तिने बटण दाबलं.

*उठतोय… थांबा. मेमरी मोजली. कीबोर्ड बोलत नाही, असू दे. डिस्क सापडली.* ह्यातली कीबोर्डची ओळ तिची स्वतःची होती, काकांच्या अक्षरांत. मग पडदा पुसला गेला, आणि डाव्या कडेने ठिपक्यांचा एक पोरगा आला. एवढासा. हात मारत, मान बाहेर काढत, अख्खा पडदा पोहत गेला आणि उजव्या कडेला हात टेकवून थांबला. मग पाठोपाठ अक्षरं: *पोचलो.*

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. काकांना काय बघायचं होतं, ते तिला तेव्हा कळलं.

फोन तिने उचलला होता, हे खरं आहे. मग वाटलं, एक वाजता तो येणारच आहे, समोरच दाखवू. यंत्र बंद केलं. चादर टाकली. केस नीट केले.

एक वाजता तो आला. चहा ठेवला. बसला नाही.

"सहा प्रश्न संपले," तो म्हणाला. इतकं पडलेलं तोंड तिने त्याचं कधी पाहिलं नव्हतं. "आता मी काय निमित्ताने… म्हणजे, बाबांना आता काय विचारू?"

तिने चादरीकडे पाहिलं. त्याच्याकडे पाहिलं. केसांतला एक थेंब ओघळून पापणीवर थांबला होता.

"अजून एक अडचण आहे," ती म्हणाली. "सातवा प्रश्न आहे."

त्याचा चेहरा असा उजळला, की तिला आपण काही वाईट केलं असं वाटलंच नाही. तीन-चार महिने आहेत की. चार दिवसांनी काय बिघडतंय? सोमवारी देऊ. सोमवार आला तेव्हा वाटलं, मंगळवारी. सातव्यानंतर आठवा प्रश्न निघाला, मग नववा. एके दिवशी त्याने तिचा हात हातात घेतला आणि पाण्यावर तरंगताना तळवा कसा ठेवायचा ते दाखवलं, आणि दाखवून झाल्यावरही हात सोडला नाही. तिने तो सोडवून घेतला नाही. दोन फुटांवर, चादरीखाली, बरं झालेलं यंत्र पडून होतं.

बुधवारी एक वाजला, दोन वाजले. तो आला नाही.

चार वाजता आला तेव्हा त्याचे केस कोरडे होते. कोरड्या केसांत तिने त्याला कधी पाहिलंच नव्हतं. क्षणभर कुणी परकाच वाटला. स्टुलावर बसून तो भिंतीकडे बघत राहिला.

"बाबा सकाळी उठले," तो म्हणाला, "आणि म्हणाले, खिडकी उघड रे. किती अंधार केलायस." त्याने कोरड्या केसांतून हात फिरवला. "खिडकी उघडीच होती."

आत्या हातातलं काम ठेवून उठली.

"डोळ्यात रक्त उतरलंय म्हणे. इस्पितळातून आत्ताच आलो. डॉक्टर म्हणाले, परत यायची आशा नाही."

तिच्या तोंडातून आवाज निघाला तो तिलाच ओळखू आला नाही. "उद्या देते मी. उद्या नक्की. घरी आणून देते."

"सापडला दोष?"

"हो… सापडला."

"बरं झालं," तो म्हणाला. राग नव्हता त्यात, काहीच नव्हतं. "आता घाई नाही तशी."

तो गेल्यावर आत्या तिच्याजवळ आली. तिने चादर बाजूला केली, यंत्राकडे पाहिलं, भाचीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. आयुष्य यंत्रं दुरुस्त करण्यात गेलेल्या बाईला कधी काय दुरुस्त झालं ते विचारावं लागत नाही. तिने चादर पुन्हा नीट घातली आणि आपल्या टेबलाकडे गेली. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर भाचीला बरं वाटलं असतं.

गुरुवारी सकाळी ती यंत्र घेऊन त्याच्या घरी गेली. दोन जिने चढून वर. खोलीत खिडकीशी टेबल होतं, टेबलावर यंत्राच्या मापाची धूळ नसलेली चौकट, आणि समोरच्या खुर्चीत काका. लेकासारखंच नाक. तोंड दाराच्या दिशेने, पण जरा चुकून, भिंतीकडे.

"ही डॉक्टरीणबाई का?" ते म्हणाले. "ये पोरी. रोज ऐकतो तुझ्याबद्दल. हा इतका बोलतो, की मला वाटायचं यंत्राला बोलण्यातूनच गुण येईल."

"बाबा…" तो म्हणाला.

"गप रे. मला दिसत नाही म्हणून काय तू लाजायचंही सोडणार?"

तिने वायरी लावल्या. काकांनी चाचपडत यंत्राच्या कडेवर पंजा ठेवला. "लाव," ते म्हणाले. "आणि तू वाच रे. एकही ओळ सोडू नकोस. माझ्यासाठी लिहिल्यात त्या."

तिने बटण दाबलं. तो वाचू लागला. एकेक ओळ, मोठ्याने, शाळेतल्यासारखी. 'कीबोर्ड बोलत नाही, असू दे' ही ओळ ऐकून काका खळखळून हसले. "ही माझी नव्हे. हिची! चांगली आहे, राहू दे." मग ते पुढे झुकले. "पोरगा आला का? डावीकडून?"

"आला बाबा."

"पोहतोय?"

"पोहतोय." त्याचा आवाज फाटला. "हात मारतोय… मान बाहेर काढतोय… मधोमध आलाय. आता पोचला. हात टेकला."

काकांच्या बंद पापण्यांतून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते. तिघंही रडत होते त्या वेळी, आणि तिला वाटलं, ह्याहून मोठी शिक्षा नको मला, एवढी पुरे.

"संपलं?"

"खाली एक बारीक ओळ आहे. वाचू?"

"एकही सोडू नकोस म्हटलं ना."

"'बांधणी: गुरुवार, तारीख अकरा, सकाळी अकरा वाजून सदतीस मिनिटं.'"

ही ओळ कुणी लिहीत नाही. प्रत्येक नव्या बांधणीवर वार, तारीख, वेळ आपोआप पडते, आणि धंद्यातल्या माणसांची नजर त्यावरून इतक्यांदा फिरलेली असते की ती दिसेनाशी होते. पुन्हा बांधणी करायला तिला चार मिनिटं लागली असती. तिच्या डोक्यातच आलं नाही.

"अकरा?" काका म्हणाले. "आज अठरा ना?"

यंत्राचा पंखा तेवढा फिरत होता.

"अकरा तारखेला," काका हळूहळू म्हणाले, "मला दिसत होतं."

तो तिच्याकडे वळला. त्या नजरेला नजर देणं तिला जमलं नाही. ती काकांशीच बोलली, कारण त्यांना तिचा चेहरा दिसत नव्हता. "काका, मी गुरुवारीच दुरुस्त केलं होतं. मागच्या गुरुवारी. सातवा प्रश्न… खोटा होता. आठवा, नववा, सगळे."

"तरीच," काका म्हणाले. "सातवा प्रश्न अगदीच बाळबोध होता. मी म्हटलं, दमली असेल पोर." मग त्यांनी विचारलं, "पण का?"

खोटं बोलायला आता काही उरलं नव्हतं. "यंत्र दिलं असतं तर हा यायचा थांबला असता. आणि मला ह्याच्यावाचून… माझं ह्याच्यावर प्रेम आहे, काका. मला वाटलं चार दिवसांनी काय होतंय."

हे वाक्य आपण कधीतरी कुठेतरी बोलू, याची तिने मनात शंभर चित्रं रंगवली होती. त्यातल्या एकातही ते असं, अपराध कबूल करताना बोलावं लागेल असं नव्हतं. तो जागचा हललासुद्धा नाही.

काकांनी यंत्रावरचा हात काढला नाही. "तुम्ही दोघं जरा बाहेर जा," ते म्हणाले. "मला थोडा वेळ ह्याच्याजवळ बसू दे."

जिन्याच्या खालच्या पायरीपर्यंत दोघं उतरले. तिथे तो कठड्याला टेकला.

"बोल ना काहीतरी," ती म्हणाली. "ओरड माझ्यावर."

"तू सहा प्रश्न लिहून दिलेस ना," तो म्हणाला. "तीन तारखेला. बाबांनी त्याच संध्याकाळी सहाही उत्तरं सांगितली. एका बैठकीत. मी लिहून घेतली होती."

तिला आधी कळलंच नाही.

"ते दमत नव्हते. मीच रोज एक आणत होतो. पहिल्या दिवशी तू हसलीस ना, फडक्यावरून… तेव्हाच ठरवलं होतं, पुन्हा पुन्हा यायचं." त्याने डोळे मिटून घेतले. "सगळी चार तारखेला दिली असती, तर पाच तारखेला यंत्र घरी असतं. तू सहा दिवस ठेवलंस, मी सहा दिवस. आणि वर तू एकटी बोललीस. मी उभा राहून ऐकत होतो. तोंडच उघडलं नाही माझं."

तिला वाटलं होतं, तो तिला झिडकारेल. हे त्याहून कठीण होतं. त्याचा हात धरावा असं तिला इतकं वाटलं, की तिने स्वतःचे हात ओढणीत गुंडाळून घेतले.

"मी वर जातो," तो म्हणाला. "सांगतो त्यांना सगळं. मग माफ करायचं तर दोघांना करू देत."

"नको."

"का नको? सगळा दोष तू एकटीने घ्यायचा?"

"वाटून घेतला म्हणून तो निम्मा होत नाही." शब्द नीट लागायला हवे होते. "ऐक माझं. त्यांना इथून पुढे जे काही दिसायचं ते तुझ्या तोंडून. पत्र आलं तर तू वाचणार, औषधाची बाटली तू बघणार, कोण आलं ते तू सांगणार. तू त्यांना एकदा फसवलंस हे कळलं, तर तू वाचलेली एकेक ओळ ते मनातल्या मनात तपासत बसतील. खरी आहे का, पुरी आहे का. डोळे गेले ते गेले. निदान तुझ्यावरचा भरवसा तरी राहू दे त्यांचा. माझ्यावरचा गेला तर त्यांचं काही अडत नाही."

तो रडत होता. पाण्यात वाढलेल्या त्या माणसाला रडणं कसं लपवावं ते कोरड्यात येत नव्हतं.

"आणि आपण?" त्याने विचारलं.

तिने पुष्कळ विचार केला होता असं नाही. पण उत्तर समोरच उभं होतं. "मी ह्या घरात आले, तर त्यांच्यासमोर रोज मी गुन्हेगार आणि तू गप्प. किती दिवस गप्प राहशील? एक दिवस बोलशील. तुझा स्वभाव मला माहीत आहे… अकरा वर्षांचा होतास तेव्हापासूनचा."

तो हसायला गेला, ते जमलं नाही.

"माझंही आहे," तो म्हणाला. "तुझ्यावर. मगाशी तू म्हणालीस ते. वर बोलायला हवं होतं मी."

"आता बोललास ना."

"उशीर झाला."

"हो," ती म्हणाली. "झाला."

वरून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग काकांची हाक. "अरे, कुठे गेलास? ते कडेचे शेरे वाचता येतात का बघ. मला आठवत नाही काय काय लिहिलंय ते."

"आलो बाबा!" तो म्हणाला. गेला मात्र लगेच नाही. तिच्या चेहऱ्याकडे असा बघत राहिला, जणू कुणाला तरी नंतर वर्णन करून सांगायचा होता. मग वळला आणि दोन-दोन पायऱ्या एकदम चढत वर गेला.

ती रस्त्यावर आली. ऊन वर चढलं होतं. दुसऱ्या मजल्यावरची ती खिडकी सताड उघडी होती, आणि तिच्यातून त्याचा वाचण्याचा आवाज येऊ लागला. पहिल्या दोन ओळींत तो फार अडखळला. तिसरी ओळ अर्ध्यात सोडून पुन्हा सुरुवात केली. काका काहीतरी म्हणाले. तो पुन्हा वाचू लागला. त्याचा आवाज नीट लागेपर्यंत ती खाली भिंतीशी उभी राहिली, आणि मग निघाली.